सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं?

‘गाडी चालू होत नाहीये’ हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं, आणि त्यावरून मेकॅनिकला जवळजवळ काहीच कळत नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा न लागणं, दिवे लागूनही सेल्फ न फिरणं, सेल्फ जोरात फिरूनही इंजिन न पेटणं, आणि इंजिन पेटून दोन सेकंदांत बंद पडणं, या चारही तक्रारी आपण एकाच वाक्यात सांगतो. त्यांची कारणं मात्र एकमेकांपासून फार लांब असतात. एकीचा उपाय दुसरीवर केला की पैसे जातात आणि गाडी जिथल्या तिथे राहते. आपल्याकडे बॅटऱ्या, सेल्फ आणि फ्युएल पंप विनाकारण बदलले जातात ते बहुतेक वेळा यामुळेच. दोष शोधण्याआधी पार्ट बदलायचा, गाडी चालू झाली तर ठीक, नाहीतर पुढचा पार्ट. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही, आणि हे प्रकरण तिच्याविरुद्धच लिहिलं आहे.

इंजिन चालू होताना काय काय घडतं, ते आधी बघू. आपण चावी फिरवतो किंवा बटण दाबतो तेव्हा बॅटरीतून थोडीशी वीज स्विच आणि रिलेमधून सोलेनॉइडला मिळते. सोलेनॉइड एका दमात दोन कामं करतो. सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून ते फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो, आणि आतले तांब्याचे जाड संपर्क मिटवून बॅटरीचा खरा, मोठा प्रवाह मोटरकडे सोडतो. इंजिन मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागतं. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर त्या फेऱ्या मोजून पिस्टन कुठे आहे ते कंप्युटरला कळवतो. मग इंजेक्टर इंधन सोडतात, पिस्टन मिश्रण दाबतो, प्लगला ठिणगी पडते. पहिला स्फोट होतो, वेग वाढतो, सेल्फ बाजूला होतो. धडधाकट गाडीत हे सगळं एका सेकंदाच्या आसपास उरकतं.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे: इंजिन फिरतंय का? फिरत नसेल तर इंधन, प्लग, इंजेक्टर यांचा विचार करायचंच कारण नाही. दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर आहे. फिरत असेल आणि पेटत नसेल तर बॅटरी आणि सेल्फ या दोघांना बहुतेक सोडून द्यायचं. एका प्रश्नाने अर्ध्याहून अधिक शक्यता निकालात निघतात. पुढची प्रत्येक चाचणीही अशीच निवडायची, की उत्तर काहीही आलं तरी शंकेचं क्षेत्र निम्म्याने कमी व्हावं.

सेल्फबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याची मर्यादा त्याच्या जन्मातच आहे. इंजिन स्वतःहून चालू होऊ शकत नाही. पहिल्या स्फोटाआधी हवा आत ओढायला आणि दाबायला बाहेरची ताकद लागते. सुरुवातीच्या गाड्यांत ती माणसाच्या दंडातून यायची. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट किंवा हात मोडायचा. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरने विजेवरचा स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसवला गेला. केटरिंगने त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. क्षणभरच चालायचं असेल तर लहान मोटरकडूनही तिच्या कुवतीबाहेरचं काम करून घेता येतं, हे त्याला तिथे उमगलं होतं. सेल्फ आजही तसाच आहे: लहान, ताकदवान आणि क्षणभराच्या कामासाठी बनवलेला. पेट्रोलच्या लहान गाडीतही तो शंभर ते दोनशे अँपिअर खेचतो, आणि सतत चालणाऱ्या मोटरसारखी थंड होण्याची सोय त्याला नसते. म्हणून सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. घाईत माणूस नेमकं उलट करतो, आणि मूळ दोष पेट्रोलचा असला तरी शेवटी जळालेला सेल्फ आणि उतरलेली बॅटरी घेऊन गॅरेज गाठतो.

आता इंजिन फिरतच नाही असं धरू. काच खाली घ्या, रेडिओ आणि एसी बंद करा आणि एकदाच चावी फिरवून ऐका.

‘कट-कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला, तर वीज कमी पडते आहे. सोलेनॉइडला ओढून घ्यायला लागते तेवढी वीज बॅटरीत आहे, पण त्याने संपर्क मिटवून मोटर जोडली की व्होल्टेज इतकं कोसळतं की तो स्वतःच सुटतो. सुटला की भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. म्हणजे बॅटरी उतरली आहे, किंवा बॅटरी भरलेली असून टर्मिनलवर वीज अडते आहे.

एकच ठसठशीत ‘खट्’ आला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडने आपलं पहिलं काम केलं आहे आणि मोटर फिरलेली नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळाले असतील, मोटरचे कार्बन झिजले असतील, वीज वाटेत मरत असेल, किंवा फार क्वचित इंजिनच जाम असेल. जुने ड्रायव्हर अशा वेळी सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलके दोन ठोके मारायला सांगतात. त्यात तथ्य आहे. अडकलेले कार्बन जागेवर येतात आणि सेल्फ फिरतो. पण तेवढ्याने सेल्फ दुरुस्त झाला असं समजून लांबच्या प्रवासाला निघू नये.

आणि काहीच आवाज आला नाही तर? डॅशबोर्ड बघा. दिवेही लागत नसतील तर टर्मिनल निसटलं आहे किंवा बॅटरी पूर्ण गेली आहे. दिवे व्यवस्थित लागत असतील तर सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. अनेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि क्लचखालचा छोटा स्विच खराब झाला तर क्लच दाबूनही लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’वर असूनही गाडी मुकी राहिली, तर ब्रेक दाबून ‘एन’वर घेऊन बघा. तिथे चालू झाली तर गिअरची जागा ओळखणाऱ्या स्विचकडे संशय जातो. बटणाच्या गाडीत चावीतला सेल संपला असेल तर ती चावी थेट बटणाला, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेला टेकवून बटण दाबायचं. आतली ओळखचिप सेलशिवाय वाचता येते. ही सोय बहुतेक मालकांना माहीत नसते आणि त्यापायी टोइंगची गाडी मागवली जाते.

हेडलाइटची चाचणी कुणालाही जमण्यासारखी आहे. हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. उजेड मालवत गेला तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर. उजेड जराही हलला नाही तर सेल्फपर्यंत प्रवाह जातच नाहीये, मग फ्यूज, रिले, स्विच तपासायचे. उजेड थोडा मंदावला आणि इंजिन नीट फिरलं तर बॅटरीला दोष देऊ नका.

बॅटरी मोजायची तर साधा मल्टिमीटर पुरतो. आपण तिला १२ व्होल्टची म्हणतो, पण सहा सेलची पूर्ण भरलेली बॅटरी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ दिसले तर ती साधारण अर्धी रिकामी आहे, आणि १२च्या खाली गेली असेल तर जवळजवळ रिकामी. तरीही फक्त हा आकडा बघून निर्णय देऊ नये. आतून थकलेली बॅटरी भार नसताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच ८वर कोसळते. म्हणून मीटर लावलेला ठेवून सेल्फ मारायचा. त्या वेळी आकडा साडेनऊच्या वर टिकला पाहिजे. गाडी चालू झाल्यावर तो सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५च्या दरम्यान दिसावा. तिथे १२.३च राहिला तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि कितीही नवी बॅटरी टाकली तरी ती उतरणार. अलीकडच्या काही गाड्यांत कंप्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे आकडा थोडा हलता दिसला तर घाबरू नये.

बॅटरी ठीक आणि सेल्फही ठीक, तरी इंजिन फिरत नाही, ही अवस्था सर्वात जास्त चकवते. एका परिचितांच्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकचं असंच झालं होतं. पावसाळा सुरू झाल्यापासून सेल्फ जड फिरायचा, कधी नुसतं खट् व्हायचं. एका गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ उघडून नवे कार्बन टाकले. दुखणं तसंच. शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी काही उघडलं नाही. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरली, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली आणि म्हणाले, “मारा सेल्फ, दादा. मी सांगेपर्यंत सोडू नका.” आकडा आला २.८.

या २.८चा अर्थ समजला की अर्धी वाहनविद्युत समजली. निगेटिव्ह खुंट आणि इंजिन हे अर्थच्या जाड जोडणीने जोडलेले आहेत, तेव्हा त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा. सेल्फ फिरताना ०.२, फार तर ०.३. इथे बॅटरीने दिलेल्या व्होल्टेजमधले जवळजवळ तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. हिशोब साधा आहे. दीडशे अँपिअर प्रवाहाला ०.०२ ओहमचा अडथळा भेटला की तीन व्होल्ट जातात. बॅटरीने भाराखाली ११ दिले तर सेल्फच्या हाती आठच उरतात. एवढा बारीक अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या घरात दिसतच नाही, तिथे तार ठणठणीत निघते. टेस्ट लॅम्पही छान पेटतो, कारण त्याला अर्धा अँपिअर पुरतो. दोष फक्त भार असताना दिसतो, म्हणून भार असतानाच मोजायचा.

गाडी रॅम्पवर घेऊन बघितलं तर गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणारी विणलेल्या तांब्याची अर्थची पट्टी बोल्टपाशी गंजून हिरवी पडली होती. बोल्ट सोडला, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या, घट्ट आवळून वरून ग्रीस लावलं. आकडा ०.१५वर आला आणि सेल्फ पहिल्यासारखा फिरला. खर्च पॉलिश पेपरचा आणि मजुरीचा. पॉझिटिव्ह बाजूची केबलही याच रीतीने तपासतात: एक पिन पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरी सेल्फच्या जाड नटावर, आणि अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा. पिन खुंटावर धरायची, क्लॅम्पवर नाही. पांढरी भुकटी खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधेच बसलेली असते, आणि क्लॅम्पवर मोजलं तर ती मोजणीतून सुटते. ती भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुतली की निघते. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणग्यांचा भडका उडत नाही.

चांगली बॅटरी उभ्या गाडीत उतरण्याचं गणितही इथेच मांडतो. बंद गाडीही थोडी वीज खाते. घड्याळ, अलार्म, इम्मोबिलायझर, कंप्युटरची स्मृती मिळून सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंत खर्च चालतो असं धरतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. २५ मार्च २०२०पासून देशभर २१ दिवसांचा लॉकडाऊन झाला, तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या हलल्याच नाहीत. या हिशोबाने २१ दिवसांत २५ अँपिअर-तास जातात, आणि लहान हॅचबॅकची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची असते. डिक्कीचा ५ वॉटचा दिवा चालू राहिला तर हेच काम अडीच-तीन दिवसांत होतं. वरून लावलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर असेल तर संशय आधी त्यांच्यावर घ्यावा.

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना जोडा, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो, म्हणून हे अंतर. धक्का मारून चालू करायचं तर गाडी मॅन्युअल हवी, दुसरा गिअर बरा, आणि बॅटरीत थोडी तरी धुगधुगी हवी. पंप, इंजेक्टर आणि कंप्युटर विजेवर चालतात. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर आख्खी गल्ली धक्का मारायला आली तरी इंजेक्शनची गाडी पेटत नाही.

आता दुसरी बाजू. इंजिन झकास फिरतंय, पेटत नाही. पेट्रोल गाडीला पेटायला इंधन, ठिणगी आणि दाब लागतो, आणि हे तिन्ही योग्य क्षणी मिळावे लागतात.

पुन्हा कानापासून सुरुवात करा. सेल्फ न मारता चावी नुसती ‘ऑन’ करा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. तो टाकीतला पंप लाइनमध्ये दाब भरत असतो. घरघर नाही आली तर पंपाचा फ्यूज बघा, मग रिले. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले बहुतेक वेळा त्याच जातीचा असतो. क्रमांक जुळत असेल तर दोन्ही अदलाबदल करून बघा. पंप बोलू लागला आणि हॉर्न मुका झाला, तर दोष सापडला. सीएनजीच्या गाडीत पंप मरण्याचं एक कारण मालकाच्या सवयीत असतं. पुष्कळ सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. मालक मात्र ‘गॅस आहे ना’ म्हणून टाकीत महिनोन्महिने तळाशीच पेट्रोल ठेवतात. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. तो कोरडा फिरला की लवकर जळतो, आणि सिलिंडर भरलेला असूनही सकाळी गाडी चालू होत नाही. सीएनजीवाल्याने टाकी निदान पाव तरी भरलेली ठेवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पंप बोलतोय, तरी पेटत नाही. मग थोडा वेळ सेल्फ मारून लगेच प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोचतंय आणि ठिणगीकडे बघायला हवं. खडखडीत कोरडा असेल तर इंधन पोचत नाहीये. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी दुसरी चाचणी नाही. ठिणगी बघायला मात्र स्पार्क टेस्टर वापरा. कॉइलमधून वीस हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त निघतात, आणि इंजिनाभोवती पेट्रोलची वाफ असताना उघड्यावर ठिणगी पाडणं जिवावर बेतू शकतं.

सगळे प्लग ओलेचिंब असतील तर गाडी ‘ओव्हर’ झाली असेल. १९८३ साली आलेली मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली, त्यांना सकाळी चोक ओढून अॅक्सिलरेटर दोन-तीनदा दाबायची सवय आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते योग्यच होतं, कारण प्रत्येक दाबाला पेट्रोलची एक पिचकारी आत जायची. इंजेक्शनच्या गाडीत थंडी-उष्मा बघून पेट्रोल किती द्यायचं ते कंप्युटर ठरवतो, तेव्हा पाय लांब ठेवावा. उलट गाडी ओव्हर झालीच तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत कंप्युटर ही खूण ओळखतो, पेट्रोल थांबवतो आणि नुसती हवा खेळवून सिलिंडर कोरडे करतो.

इंजिन पेटून एक-दोन सेकंदांत बंद पडतं आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलुपाचा दिवा लुकलुकतो, ही इम्मोबिलायझरची खूण आहे. दुसरी चावी लावून बघा. मेकॅनिकच्या आधी घरातलं कपाट उघडायची ही वेळ.

क्रँकशाफ्टच्या सेन्सरचा दोष मात्र माणसाला रडकुंडीला आणतो. थंड असताना तो नीट चालतो. महामार्गावर तासभर गाडी चालवली, टपरीवर चहाला थांबलात, परत आलात तर इंजिन फिरतं पण पेटत नाही. अर्ध्या तासाने मेकॅनिक पोचेपर्यंत सेन्सर थंड झालेला असतो आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. मेकॅनिकला दोष दिसत नाही, मालकाचं ऐकून घेतलं जात नाही. अनेक गाड्यांत यावर एक सोपी नजर ठेवता येते. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा दोनशेच्या आसपास किंचित उचलला पाहिजे. शून्यावर चिकटून राहिला तर इंजिन फिरत असल्याचं कंप्युटरला कळतच नसण्याची शक्यता मोठी, आणि कळत नसेल तर तो ना इंधन सोडणार ना ठिणगी. मालकाने त्या क्षणी काट्याचा व्हिडिओ काढून ठेवला तर तो पुरावा मेकॅनिकच्या फार उपयोगी पडतो.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की या दोषासाठी पी०३३५ असा कोड निघू शकतो. कोड वाचून लगेच सेन्सर मागवू नये. तो कोड सेन्सरच्या संपूर्ण सर्किटबद्दल बोलतो. त्यात सेन्सर आला, तशीच तार आणि कनेक्टरही आले. उंदरांनी कुरतडलेली वायर आपल्याकडे इतकी नेहमीची आहे की आधी वायरिंगवरून हात फिरवावा, मग सेन्सरची किंमत विचारावी.

दाब गेला असेल तर आवाज वेगळाच येतो. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना लय असते, कारण प्रत्येक पिस्टन दाबाशी झुंजताना वेग किंचित कमी होतो. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर कॅमशाफ्ट थांबते, झुंज संपते आणि इंजिन शिलाई मशीनसारखं सलग, हलकं फिरतं. हा आवाज ऐकला की सेल्फ मारणं तिथेच थांबवा. अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतात आणि प्रत्येक फेरीगणिक नुकसान वाढतं.

डिझेलचं शास्त्र निराळं. तिथे ठिणगी नाही. हवा सोळा-अठरा पटींनी दाबून इतकी तापवतात की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे इंजिन मंद फिरलं की हवा पुरेशी तापत नाही, आणि पेट्रोल गाडी जिथे चालू झाली असती तिथे डिझेल गाडी नकार देते. थंडीत वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबणं गरजेचं असतं, तोवर ग्लो प्लग आतली हवा गरम करत असतात. टाकी पूर्ण संपवली तर लाइन एअर घेते आणि नुसतं डिझेल भरून भागत नाही. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबून आधी एअर काढावी लागते. आणि पंपावर चुकीचं इंधन भरलं गेल्याचं लक्षात आलं, तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नका. पंप सुरू झाला की ते इंधन टाकीतून पुढे लाइनमध्ये जातं.

शेवटी पाणी, कारण त्या प्रसंगी गाडी चालू करायचा प्रयत्न करणं हीच मोठी हानी असते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. आता दर पावसाळ्यात पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत कुठे ना कुठे तेच होतं. पाण्यातून जाताना गाडी बंद पडते आणि माणूस घाबरून पुन्हा सेल्फ मारतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला ३०० मिलिलिटर येतात, आणि दाबाचं प्रमाण दहास एक असेल तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा सुमारे ३३ मिलिलिटर. दोन मोठ्या चमच्यांहून थोडं जास्त पाणी गेलं की पिस्टनला जायला वाट नाही. फ्लायव्हीलचा सगळा जोर मग कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली आणि परत सेल्फ मारला नाही, तर इंजिन पुष्कळदा वाचतं. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच घ्यावं लागतं. कवच असलं तरी पाण्यात पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याचं दिसलं तर दाव्यावर प्रश्न उभे राहतात.

तेव्हा गाडी ओढून कोरड्या जागी न्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा डबा उघडून कागद ओला आहे का बघा. कोरडा असेल तर आशा आहे. डिपस्टिक काढा. ऑइल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे आणि ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. मग सगळे प्लग काढून, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर उडेल, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. दोन्ही फेऱ्या कुठेही न अडता पूर्ण झाल्या, सिलिंडर कोरडे झाले, ऑइल आणि फिल्टर नवे घातले, कनेक्टर हवा मारून सुकवले, की मग बॅटरी जोडून सेल्फ मारायचा.